घंटेतलं काडतूस

वस्ती, दुपार

“पोकळ नको. पोकळीचा आवाज मरतो.”

बिरूबाबा हे माझ्याशी बोलत नव्हते. ते सुनेशी, तान्हाबाईंशी बोलत होते आणि मी छपराच्या सावलीत चहा फुंकत बसले होते. विषय घंटेचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तीवरची मेंढरं गोदाकाठाकडे निघणार होती. कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यात जी घंटा होती तिची कडी झिजून तुटायला आली होती. संध्याकाळी मेंढरं परत आली की घंटा निखाऱ्यात लाल करून नवी कडी ठोकायची, असं बाबांनी ठरवलं होतं.

“घंटा तापवतायच तर आतला लोळाबी बदला की,” तान्हाबाई म्हणाल्या. “डबा भरून पुंगळ्या हायेत घरात. त्यो लोळा पार झिजला.”

“माज्या बापानं घातलाय त्यो. भरीव हाय. टोला पडला की पल्याडच्या टेकडीवर ऐकू जातंय. तुजी पुंगळी वाजली तर वाजली, न्हाई तर न्हाई.”

“मग बसा त्यालाच घिऊन.”

लोळा म्हणजे घंटेच्या आत लोंबणारा, काठावर आपटणारा तुकडा. आणि पुंगळी म्हणजे काडतूस उडाल्यावर मागे राहतं ते पितळी कवच. या पठाराला लागून लष्कराची गोळीबाराच्या सरावाची जमीन आहे, त्यामुळे इथे पुंगळी ही घराघरातली वस्तू आहे. बाबांची घंटासुद्धा मुळात तोफेच्या एका लहान गोळ्याचं कवच होती, वीतभर ठेवून वरचं कापून टाकलेली.

चहा माझ्या हातात तसाच राहिला. पुंगळी रिकामीच असते. काडतुसात जे भरीव असतं, ते न उडालेलं असतं.

अर्थात तो लोळा मी पाहिला नव्हता. बाबांचं ‘भरीव’ म्हणजे लोखंडाचा तुकडाही असू शकत होता किंवा नुसती शिशाची गोळी. मेंढा माळावर होता आणि दिवस मावळेपर्यंत तिकडेच राहणार होता. तोवर वाट पाहायची असं मी ठरवलं. पण एवढं नक्की होतं की तो लोळा काडतूस असेल, तर तो चुलीत जाता कामा नये.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलले, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात तपासून घेते, आणि ते तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. वस्तीवर सकाळपासून मी ‘हो’, ‘नको’ आणि ‘छान आहे’ यापलीकडे फारशी गेले नव्हते. वस्तीचं नाव मी इथे लिहिणार नाही. पारनेर आणि राहुरीच्या मधल्या पठारावर ती आहे, इतकं पुरे. का लिहीत नाही, ते पुढे कळेल.

नगर, आदला दिवस

जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी पुण्याच्या स्टँडवर कंडक्टर अजून “नगर, नगर” अशीच हाक देतो. मी निघाले होते एका कामावर. नगरमध्ये एका खासगी संग्रहालयाची एक खोली नव्याने मांडली जात होती आणि तिथल्या वस्तूंसाठी मराठी पाट्या लिहायचं काम मला मिळालं होतं. पाटी लिहायला बोलावं लागत नाही, हे त्या कामाचं मला सर्वांत आवडलेलं अंग. वस्तू मात्र तलवारी, भांडी अशा काही नव्हत्या. एका पेटीत मांडलेली काडतुसं होती.

ती पेटी शफीकचाचांची. त्यांच्या घराण्यात बंदूकदुरुस्तीचा परवाना होता. जुन्या पेठेतल्या त्यांच्या दुकानात आता विहिरीच्या मोटारी दुरुस्त होतात, आणि वरच्या माळ्यावर ही पेटी असते. आजोबांनी आणि वडिलांनी गोळा केलेली सगळी काडतुसं दारू काढून निकामी केलेली, खाली हिरवा कपडा अंथरलेला.

“आधी हात पुसा बेटा,” चाचा म्हणाले. “घाम पितळाला खातो.”

पहिली वस्तू काडतूस वाटतच नव्हती. विडीएवढी कागदाची सुरळी, एका टोकाला दोरा. “ही दातानं फाडायची. दारू नळीत वतायची, वरून गोळी टाकायची, मग गज घालून ठासायचं. म्हणून ठासणीची बंदूक. पाऊस आला की खेळ खलास.”

दुसरं पितळी होतं, पण त्याच्या कुशीतून एक बारीक खिळा बाहेर आलेला. बंदुकीचा घोडा त्या खिळ्यावर पडायचा, खिळा आत जायचा आणि आतली स्फोटक टोपी पेटायची. दारू, गोळी आणि ठिणगी पहिल्यांदाच एका घरात आली होती, पण दाराची कडी बाहेर राहिली होती.

“खिशातून पडलं आणि खिळ्यावरच आपटलं तर?” मी विचारलं. दिवसभरातलं ते माझं सर्वांत लांब वाक्य असावं.

“मग ज्याचा खिसा त्याची मांडी,” चाचा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. “बोलता की तुम्ही.”

तिसरं इवलंसं, शेंगदाण्याएवढं. त्याच्या बुडाची कड दुमडलेली होती आणि स्फोटक त्या घडीतच भरलेलं असायचं. खिळा गेला, पण नवी अडचण आली. कड चेपायला हवी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागायचं, आणि पातळ पितळात जास्त दारू भरली तर ते फाटायचं. मग टोपी बुडाच्या मधोमध आली. चौथं काडतूस त्या पद्धतीचं, अंगठ्याहून जाड. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून त्याची नळी केलेली आणि बुडाला लोखंडाची चकती. बंदूक तापली की ते आत चिकटायचं. ओढून काढायला जावं तर बूड हातात यायचं आणि नळी आतच राहायची.

“शिपाई बसला सुरी घेऊन कोरत, आणि समोरचा येतोय धावत,” चाचा म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

पाचवं पाहिल्यावर मला आधीची सगळी कळली. त्याला कुठेही जोड नव्हता. पितळेची एक चकती दाबायची, तापवून मऊ करायची, पुन्हा ओढायची, पुन्हा तापवायची, असं करत एका चकतीतून बाटलीसारखं कवच काढलेलं. बार उडाला की हे पितळ फुगतं, नळीला आतून घट्ट बसतं आणि मागून धूर, आग काही निसटू देत नाही. मग क्षणात आकसतं आणि सहज बाहेर येतं. चाचांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. “लोखंडाला हे जमत नाही. शिशाला जमत नाही. पितळ फुगतं आणि परत जागेवर येतं. त्याच्यासाठी एवढी वर्षं गेली.”

त्यानंतरची काडतुसं क्रमाक्रमानं बारीक होत गेली होती. बिनधुराची दारू आली तशी कमी जागेत जास्त जोर मावू लागला, आणि कवचाला मान आली. थ्री नॉट थ्रीच्या बुडाला बाहेर आलेली ठसठशीत कड होती. पुढच्या काडतुसांची कड गेली आणि तिथे खाच आली, कारण एकावर एक भरताना कडा एकमेकींत अडकायच्या. शेवटचं जेमतेम करंगळीएवढं.

मी प्रत्येकाची पाटी मनात लिहीत होते आणि एक गोष्ट मला सोडत नव्हती. सुरळीपासून करंगळीपर्यंतचा सगळा प्रवास एकाच काळजीतून झाला होता. बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर आग येऊ नये. पुढे ती कुणावर जाते, याची काळजी त्या पेटीत कुठेच नव्हती. कवच मारणाऱ्याच्या पायाशी पडतं, म्हणून ते जपता येतं, पुसता येतं, हिरव्या कपड्यावर मांडता येतं.

चाचींनी जेवायला बसवलं. शिपी आमटी होती, इतकी झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि चाचींना वाटलं की मी कशाने तरी रडते आहे. आमच्या घरी पाहुण्याला एकदा विचारतात, तो नको म्हणाला की विषय संपतो. इथे ‘नको’ हे बोलण्याची सुरुवात असते. मी नको म्हणत गेले आणि ताट भरत गेलं.

“पुंगळ्या कुठं जातात ते बघायचं असेल तर पठारावर जा,” चाचा हात धुताना म्हणाले. “माझ्या ओळखीची वस्ती आहे. तिकडे काठीला लावतात, दिव्याला लावतात. फक्त एक ध्यानात ठेवा. मागून बघायचं. टोपीवर खड्डा असेल तर मेलेलं, नसेल तर जितं. पण खड्डा पडूनसुद्धा न उडालेलं असतंच एखादं. म्हणून तोंडात गोळी असेल तर जितंच समजायचं आणि हात लावायचा नाही.”

“सरावाची, खोटी असतात ना काही?”

“असतात. त्यांच्या अंगावर भोकं पाडलेली असतात नाहीतर लांब चिरा, अंधारात बोट फिरवून कळावं म्हणून. ती आत बंदूक शिकवायला वापरतात. मैदानावर जे झाडतात ते खरंच असतं. निशाणा काय खोट्या गोळीनं लागतो?”

पठारावर

दुधाच्या टेम्पोतून मी वर आले. रिकाम्या कॅनांचा खडखडाट इतका की ड्रायव्हरनेही बोलायचा प्रयत्न केला नाही, म्हणून तो प्रवास मला फार आवडला. खाली ऊस, मग कांद्याची वावरं, मग ज्वारी, आणि चढ संपल्यावर एकदम काहीच नाही. पिवळं पडलेलं गवत, काळे धोंडे, अधूनमधून हिवराची झाडं. लांब एका काठीवर लाल कापड फडफडत होतं. बावटा वर असेल तेव्हा त्याच्या पलीकडे जायचं नाही, हे इथलं मूलही जाणतं.

टेम्पोतून उतरताना माझ्या सँडलचा पट्टा तुटला. वस्तीवर पोचले ती एक सँडल हातात घेऊन. तान्हाबाईंनी पायाकडे बघितलं, आत गेल्या आणि स्वतःची टायरची चप्पल आणून माझ्यापुढे टाकली. “शहरातलं चामडं धा पावलं चालत न्हाई,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवसभर मी त्यांच्या चपलेत फिरले आणि त्या अनवाणी.

इथे मला चाचांची पेटी दुसऱ्यांदा बघायला मिळाली, फक्त ती काठ्यांवर होती. खडकाळ जमिनीवर काठीचं टोक फुटतं. ते फुटू नये म्हणून धनगर टोक तासून त्यावर पुंगळी ठोकतात. तिला शेंब म्हणतात. छपराच्या आढ्याला बाबांच्या वडिलांची काठी अडकवलेली होती. तिची शेंब जाड, पत्रा गुंडाळलेली, बुडाला लोखंड. पेटीतलं चौथं काडतूस. बाबांच्या हातातल्या काठीला थ्री नॉट थ्री होती, मान कापून बसवलेली. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे तान्हाबाईंच्या नवऱ्याच्या काठीची शेंब त्याहून आखूड आणि बिनकडेची. तो मेंढरांबरोबर माळावर होता. काठी मी संध्याकाळी पाहिली.

“आणि आत्ताच्या?” मी विचारलं.

तान्हाबाईंनी कोनाड्यातून करंगळीएवढी एक पुंगळी काढली. तिच्या तोंडाला कणसाचं बूच होतं आणि आत सुया. “काठीला बसत न्हाईत. सुया ठिवाया चांगल्या. मिल्ट्रीलाबी परवडाया नको व्हय येवढं पितळ,” त्या म्हणाल्या, आणि बाबा पोट धरून हसले.

मधूनच लांबवर धडधड झाली. पितळीतला चहा शहारला. तान्हाबाईंची भाकरी थापण्याची लय चुकली नाही.

“भ्या वाटतं का ओ तुमाला?” त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

“सराव हाय,” बाबा म्हणाले. “समदं खोटं. खऱ्या गोळ्या हितं कशाला फुकट घालवतील? त्या लढाईला ठिवत्यात.”

ते इतक्या खात्रीने म्हणाले की आजूबाजूला कुणाला त्यात चुकीचं काही वाटलं नाही. आयुष्यभर ते आवाज ऐकत आले होते, आणि त्या आवाजांच्या शेवटी त्यांनी कुणी मेलेलं पाहिलं नव्हतं. सराव म्हणजे खोटं. त्यानंतरच घंटेची गोष्ट निघाली, जिच्यापासून मी सुरुवात केली.

दिवस मावळताना

कळप यायच्या आधी घंटा आली. उताराखालून टोला ऐकू येत होता, जड, एकाच सुराचा, आणि खरंच लांब जाणारा. मग धूळ आणि धुळीतून मेंढरं. पुढे तो मेंढा, वळलेल्या शिंगांचा, कुणाकडे न बघणारा. वाटेत दोन कळप मिसळले, धुकं पडलं, रस्त्यावर ट्रक आडवा आला, तरी आपली मेंढरं त्या आवाजामागेच जातात, असं बाबांनी मला दुपारी सांगितलं होतं. त्या आवाजाच्या भरवशावर माणसं महिनोन्‌महिने परक्या मुलखात राहतात.

बाबांनी घंटा सोडली आणि चुलीपाशी आणून उलटी ठेवली. मी वाकून पाहिलं.

लोळा म्हणजे थ्री नॉट थ्रीचं काडतूस होतं, अख्खं. कडेखाली तार आवळून बुडाकडून टांगलेलं, म्हणून त्याची कड इतकी वर्षं उपयोगी पडली होती. बुडावर चामड्याची पट्टी गच्च गुंडाळलेली. टोपी दिसायचा प्रश्नच नव्हता. पण खाली तोंडात गोळी होती. आपटून आपटून तिचं टोक एका बाजूनं चपटं झालं होतं. मी अंगावर भोक शोधलं, चीर शोधली. पितळ सगळीकडून सलग होतं.

तान्हाबाईंनी फुंकणीनं निखारे फुलवले. बाबांनी सांडशी मागितली. ती घंटेच्या काठाला लागली.

मला वाक्य सापडेना. काडतूस, स्फोटक, धोका, सगळे शब्द पाटीवरचे होते. हाताशी पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला आणि चुलीत ओतला.

राखेचा लोट उठला. तान्हाबाई उभ्या राहिल्या. आमच्या घरी गॅस बंद करणं म्हणजे एक बटण फिरवणं. इथे पेटत्या चुलीवर पाणी ओतणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“काय केलं हे ताई? उद्या वाट धरायची, अन् आज माजी चूल इझवली? आमी तुमाला जेवू घातलं.”

“गोळी,” मी म्हणाले. लोळ्याकडे बोट दाखवलं. “खरी आहे.”

“सरावाची हाय ती,” बाबा म्हणाले.

मी मान हलवली. मग तुटक तुटक, बहुतेक तान्हाबाईंच्या कानाशी, चाचांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तान्हाबाईंनी ते मोठ्यानं वस्तीला सांगितलं, माझ्याहून नीट. बाबा जमिनीवर बसले. घंटेकडे बघत म्हणाले, “माजी पोरं ह्या घंटेशी खेळली.”

कुणी तिला हात लावायचा नाही असं ठरलं. माणसं आणि मेंढरं वस्तीच्या दुसऱ्या टोकाला नेली. मग खरा प्रश्न निघाला. बिनपरवान्याचं जितं काडतूस घरात सापडणं हा गुन्हा आहे, हे इथे सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना खरी गोळी ओळखू आली नव्हती, त्यांना तो कायदा ओळखू येत होता.

“हिरीत टाका अन् इसरा,” तान्हाबाईंचा नवरा म्हणाला. “कोनाला कळनार हाय?”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, पण सगळ्यांनी बघितलं.

“त्या हिरीचं पानी मेंढरं पित्यात,” बाबा म्हणाले. “आन् पोटात ठिवून मी वाटंला लागनार न्हाई. पोलीस पाटलाला निरोप धाडा.”

“त्यांनी ईचारलं, इतकी वर्सं घरात ठिवली कशी, तर काय सांगायचं?” तान्हाबाई म्हणाल्या. “म्हनतील, लपवली. तुमाला ह्या वयात ठाण्यात बसवतील.”

बाबांनी एका पोराला हाक मारली आणि पाटलांकडे धाडलं. चूल त्या रात्री पेटली नाही. शेजारच्या घरून हुलग्याचं माडगं आलं. मला पहिली वाटी मिळाली. तान्हाबाईंनीच ती माझ्यापुढे ठेवली.

सकाळ

कळप निघायचा होता ती पहाट तशीच गेली. मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, उभी होती, आणि त्यांना आज काय चुकलंय ते कळत नव्हतं.

टेकाडावर चढलं की फोनला रेंज मिळते. मी आईला फोन केला. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “तुझं काम झालं ना? मग पहिल्या गाडीनं निघ. नसत्या भानगडीत नाव देऊ नकोस. एकदा कागदावर नाव गेलं की साक्षीला किती खेटे घालावे लागतील, कल्पना आहे?” आईचं चुकत नव्हतं. माझं नाव लोकांनी घ्यावं, मला कुठे बोलावून बोलायला लावावं, याची भीती मला शाळेपासून आहे, आणि ती तिला माहीत आहे.

खाली दुधाचा टेम्पो आला. तान्हाबाईंनी माझी सँडल तारेनं शिवून ठेवली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

“जावा ताई तुमी. पोलीस याच्या आत जावा. तुमाला कशाला तरास.”

त्यात राग नव्हता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी सँडल पायात घातली आणि त्याला हातानं जा म्हणून खुणावलं. टेम्पो गेला. तान्हाबाईंनी छपराखाली बसायला पोतं टाकलं.

आधी पोलीस पाटील आले, मग हवालदार, आणि उन्हं चढल्यावर लष्कराच्या गाडीतून जवान. त्यांनी आम्हाला सगळ्यांना लांब बसवलं. एक जण वाकून बराच वेळ काही करत होता. पुढची गोष्ट इथेच सांगून टाकते. लोळा ते घेऊन गेले, वाळू भरलेल्या पेटीतून. तो जिताच होता. घंटा बाबांना परत मिळाली. तिच्यात आता लोखंडी बोल्ट आहे. मी परत आल्यावर तान्हाबाईंनी फोन करून सांगितलं की आवाज लागत नाही. मेंढा मागे वळून वळून बघतो आणि पहिले काही दिवस मेंढरं सारखी पांगत होती. पुढे त्या म्हणाल्या, “व्हईल सवय.”

पण त्या सकाळी हे काही माहीत नव्हतं. हवालदार बाजेवर बसले, मांडीवर पॅड घेतलं. माणूस तुसडा नव्हता. त्यांनी पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर तांब्या स्वतः बाजूला ठेवला. समोर बाबा उभे होते, हातात काठी. वस्तीतली सगळी माणसं त्यांच्यामागे. मी छपराच्या खांबाशी.

“घंटा कुणाची?”

“माजी.”

“आत हे कुणी बांधलं?”

“बापानं. आता त्यो न्हाई.”

“बाबा, तुमच्यासमोर बांधलं?”

“व्हय. मी ल्हान हुतो.”

हवालदारांनी लिहिलं. मग पेन थांबवून त्यांनी वर पाहिलं, बाबांकडे नाही, सगळ्यांकडे.

“हे खरं काडतूस आहे, हे इथं कुणाला माहीत होतं?”

कोणतंही उत्तर बाबांच्याच अंगावर जाणार होतं. माहीत होतं म्हणावं तर लपवलं, माहीत नव्हतं म्हणावं तर मग निरोप कसा धाडला. बाबांच्या काठीची शेंब खडकावर घासल्याचा आवाज आला. तान्हाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. मी वाक्य मनात तपासायला लागले, आणि या वेळी ते तपासून होण्याआधीच मी खांब सोडून उन्हात आले होते.

“मला माहीत होतं,” मी म्हणाले. “काल संध्याकाळपासून, आणि आधी फक्त मला. हे लोक त्याला सरावाची खोटी गोळी समजत होते. माझ्यासमोर ते ती चुलीत घालत होते. कुणी खरी गोळी स्वतःच्या चुलीत घालेल का? मी सांगितल्यावर बाबांनी स्वतः तुम्हाला निरोप पाठवला. माझं नाव लिहून घ्या.”